पाच मिनिटांच्या आत

पॉलिशवाल्या बाईंनी तिचा बूट हातात घेतला, उलटा केला आणि काच तपासावी तसा दिव्याखाली धरला.

"तू गोल पळतेस का गं?"

जेवणाची सुट्टी होती. चष्म्याच्या काचा घासून, तासून, नंबर देऊन बाहेर पाठवणाऱ्या त्या कारखान्यातली सगळी यंत्रं अर्ध्या तासापुरती गप्प झाली होती आणि ती तपासणीच्या टेबलाशी डबा उघडून बसली होती. तिचं काम सगळ्यात शेवटचं. तयार काच उजेडासमोर धरायची, जराशी तिरकी करायची आणि केसाएवढा ओरखडा दिसला तरी बाजूला काढायची. सहा वर्षांत तिच्या नजरेतून फारसं काही सुटलं नव्हतं. आज तपासणी तिच्याच बुटांची चालली होती. डाव्या घोट्यात दुखतंय, एवढंच ती सहज बोलून गेली होती, तर बाईंनी खुर्चीखालचे बूटच मागून घेतले.

"गोल म्हणजे?"

"म्हणजे घाण्याच्या बैलासारखं. ही डाव्याची बाहेरची कड बघ, पार गेलीय. उजव्याची आतली. रोज एकाच बाजूला वळल्याशिवाय बूट असा झिजत नाही."

पॉलिशवाल्या बाईंनी पन्नाशी ओलांडली होती. पॉलिशच्या चाकावर बसून त्यांच्या बोटांची टोकं गुळगुळीत झाली होती, आणि एकवीस किलोमीटरच्या नऊ शर्यती त्या आजवर धावल्या होत्या. त्यांच्यापुढे खोटं बोलण्यात काही अर्थ नव्हता.

"आमच्या चार इमारतींभोवती पळते," ती म्हणाली. "एक फेरी नऊशे मीटरची."

"आणि गेल्या रविवारी चौदा किलोमीटर झाले म्हणालीस ते?"

"सोळा फेऱ्या."

बाईंनी हातातला घास परत डब्यात ठेवला. "सोळा? वॉचमनने पोलिसांना कसं नाही बोलावलं?"

वॉचमनला सवय झाली होती. सुरुवातीला तो प्रत्येक फेरीला उठून उभा राहायचा, मग नुसती मान हलवायला लागला, आणि हल्ली तर तो फेऱ्या मोजायचा. ती विसरली की तोच सांगायचा, "अकरावी चालूय, ताई."

हसण्यावारी नेता आलं असतं, पण बाई हसत नव्हत्या. तेव्हा तिने सांगून टाकलं.

दीड वर्षापूर्वीची गोष्ट. मुलगी तेव्हा दीड वर्षाची. अंग जरा कोमट लागत होतं, पण खेळत होती. नवरा घरात होता. ती खाली कोपऱ्यावरच्या दुकानात ब्रेड आणायला गेली, रांग होती, अकरा मिनिटं लागली. परत आली तर दार उघडं, नवरा जमिनीवर बसलेला, आणि त्याच्या मांडीवर मुलगी मलूल होऊन पडलेली. ताप एकदम चढला होता आणि तिला झटका येऊन गेला होता. दोन मिनिटं चालला, नवरा म्हणाला. पुढे डॉक्टरांनी सगळं नीट समजावून सांगितलं. लहान मुलांना असं होतं, बहुतेकांचं वयाबरोबर जातं, घाबरू नका, कुशीवर झोपवा, तोंडात काही घालू नका. पाच मिनिटांहून जास्त चालला तर मात्र थेट दवाखान्यात आणा.

बाकीचं सगळं तिने एका कानाने ऐकलं आणि दुसऱ्याने सोडलं. पाच मिनिटं तेवढी राहिली. त्या दिवसापासून कारखान्याचे तास सोडले तर ती घरापासून पाच मिनिटांपलीकडे गेलेली नव्हती. कारखान्याचं वेगळं होतं. त्या वेळी मुलगी पाळणाघरात असायची आणि पाळणाघर कारखान्याच्या मागच्या गल्लीत होतं. तिथपर्यंत साडेतीन मिनिटं. तिने मोजली होती.

"आणि त्या गोल फेऱ्या?" बाईंनी विचारलं.

"लांबच्या कोपऱ्यावरून चौथ्या मजल्यापर्यंत, लिफ्ट नसली तरी, साडेचार मिनिटं. शिवाय बाल्कनी दिसते. काही झालं तर नवरा लाल टॉवेल लटकवणार, असं ठरलंय."

"लटकवला कधी?"

"अजून नाही."

ती पळायला लागल्यापासूनच्या सात महिन्यांत तो टॉवेल एकदाही बाहेर आला नव्हता. तिची भीती त्यामुळे काही कमी झाली नाही; टॉवेल मात्र नवाकोरा राहिला.

तिला पळायलाही त्याच डॉक्टरांनी लावलं होतं. मुलीला तपासून झाल्यावर ते म्हणाले होते, "हिचं छान चाललंय. तुमचं काय? झोपता का?" ती झोपत नव्हती. दर तासाला उठून मुलीच्या कपाळाला हात लावत होती. रोज थोडं चाला, जमलं तर पळा, थकाल आणि झोपाल, असा सरळ हिशोब त्यांनी मांडला. एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं, इथून सुरुवात झाली. पहिल्या आठवड्यात त्या एका मिनिटातही जीव घशाशी यायचा. मग दोन मिनिटं, पाच, दहा. आणि एक दिवस सलग तीन फेऱ्या झाल्या तेव्हा ती वॉचमनच्या खुर्चीवर बसून रडली. त्याने बिचाऱ्याने पाणी दिलं आणि दुसरीकडे बघत बसला.

एकवीस किलोमीटरच्या शर्यतीत नाव मात्र तिने आपणहून दिलं होतं. कुणी गळ घातली नव्हती. तिला एकदा, फक्त एकदा, तीन तास लांब जाऊन बघायचं होतं. मुलगी तिच्याशिवाय तीन तास नीट राहते का, हे नव्हतं बघायचं. ते पाळणाघरात रोज दिसत होतं. ती स्वतः राहते का, ते बघायचं होतं.

बाईंनी बूट खाली ठेवला. "पुढच्या रविवारी माझ्याबरोबर चल. सरळ रस्त्याने. जायचं आणि यायचं."

"बघते," ती म्हणाली.

रविवार आला. तिने आठ फेऱ्या नेहमीच्या मारल्या आणि आठ उलट्या. घोटा सुधारला. सोमवारी बाईंनी सोल पाहिला आणि कपाळाला हात लावला.

---

घरात अजून एक गोष्ट झटक्याच्या दिवसापासून बदलली होती, ती म्हणजे 'ताप' हा शब्द. कुणी ठरवलं नव्हतं, पण तो शब्द एकाच अर्थाने उरला. नवरा लिफ्ट दुरुस्त करायच्या कामावर होता. पूर्वी घरी आला की म्हणायचा, "आज नुसता ताप झाला डोक्याला." एकदा असंच दारातून म्हणाला आणि ती हातातलं पातेलं टाकून मुलीकडे धावली. तेव्हापासून तो 'कटकट' म्हणायला लागला. दूध तापवायचं बंद झालं, गरम करायचं सुरू झालं. इस्त्री तापायची नाही, 'झाली का' असं विचारायचं. बाहेरच्या माणसाला काही कळलं नसतं. त्यांचं त्यांना आता जाणवतही नव्हतं.

शर्यतीच्या आदल्या दिवशी मावशी आली. मावशी म्हणजे तिच्या आईची धाकटी बहीण. वय अडुसष्ट, गुडघे कुरकुरणारे, जीभ तल्लख. रविवारी नवरा घरीच असणार होता. मावशी आपली सोबतीला. पण रविवारी पहाटे पाचला त्याचा फोन वाजला. एका रुग्णालयाची मोठी लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती.

"नाही सांग," ती म्हणाली. ती बुटांची नाडी बांधत होती.

"रुग्णालयाची लिफ्ट आहे गं. कसं सांगू?"

तिने नाडी सोडायला घेतली.

"ए, बांध ती," मावशी आतून केस विंचरत आली. "मी काय इथे शोभेला आलेय? चार पोरं वाढवलीत मी, त्यातली दोन तर माझी नव्हतीच."

"मावशी, तुला कागद दाखवला ना मी? फ्रिजवर लावलाय. औषध किती द्यायचं, कुठे फोन करायचा, समोरचे गावाला गेलेत म्हणून दोन नंबरवाल्यांचा..."

"वाचलाय. एकवीस मुद्दे आहेत. प्रश्नपत्रिका काढलीस का माझ्यासाठी? आणि सगळे अनिवार्य?"

नवरा हसला. तीही हसली, आणि हसता हसता दाराबाहेर पडली. थांबली असती तर गेली नसती.

---

शर्यतीचा रस्ता सरळ होता. नदीच्या काठाने साडेदहा किलोमीटर जायचं, पुलापाशी वळायचं आणि त्याच रस्त्याने परत. सहाला सुरुवात झाली. पॉलिशवाल्या बाई पहिला किलोमीटर तिच्याबरोबर होत्या.

"बोलता येईल इतकंच पळ," त्या म्हणाल्या. "बोलता येईना, तर समज, तू पळत नाहीयेस, पळून जातेयस. चल, मी होते पुढे."

सुरुवातीला तिची मान सारखी डावीकडे वर जात होती. बाल्कनी नव्हती. तिथे झाडं होती, एका बंद गोदामाची लांबलचक भिंत होती, सायकलला टेकून उभी असलेली माणसं होती. तिसऱ्या किलोमीटरला ती घरापासून पंधरा मिनिटं लांब होती. सहाव्याला तिने मोजणं सोडलं, कारण तेवढ्या वेळात काय काय होऊ शकतं याचा हिशोब करायला दम पुरत नव्हता. आठव्याला एका माणसाने तिला विचारलं, "पहिलीच का?" तिने हो म्हटलं आणि मग दोघं किलोमीटरभर नुसते बुटांबद्दल बोलले. तिच्या लक्षात आलं की मध्ये दहा मिनिटं तिला मुलीची आठवणच झाली नव्हती. त्या विचाराने ती दचकली, आणि दचकल्यावरही पळतच राहिली.

पुलापाशी वळून ती बाराव्या किलोमीटरच्या पाण्याच्या टेबलाशी थांबली. एका हाताने पाणी पिताना दुसऱ्या हाताने कमरेच्या पिशवीतून फोन काढला. मावशीचा निरोप होता. सात वाजून पाच मिनिटांनी आलेला. मावशी टाइप करत नसे; फोनला बोलून सांगे आणि फोन जे लिहील ते पाठवून मोकळी होई.

'सकाळपासून नुसता ताप उतरायचं नाव नाही तू काळजी करू नकोस'

सात छत्तीस झाले होते.

हातातला कागदी पेला कुठे गेला तिला कळलं नाही. तिने मावशीला फोन लावला. वाजत राहिला, वाजत राहिला, बंद झाला. पुन्हा पुन्हा लावला. नवऱ्याला लावला, तो संपर्काबाहेर. लिफ्टच्या खड्ड्यात रेंज नसते, हे तिला पाठ होतं. दोन नंबरवाल्यांचा फोनच बंद. रविवारी सकाळी साडेसातला कोण चालू ठेवतो?

"मला घरी जायचंय," तिने टेबलामागच्या मुलीला सांगितलं. "गाडी मिळेल का? माझ्या मुलीला बरं नाहीये."

टेबलामागची मुलगी भली होती. तिने लगेच कुणाला तरी विचारलं. रुग्णवाहिका आत्ताच पायात गोळे आलेल्या एका काकांना घेऊन गेली होती, यायला अर्धा तास. रस्ता नऊपर्यंत वाहनांना बंद. "सोळाव्या किलोमीटरला मोठा चौक लागतो ना, तिथे रस्ता उघडा आहे. तिथे टॅक्सी मिळेल. पण तिथपर्यंत..." ती मुलगी अडखळली.

तिथपर्यंत चार किलोमीटर होते. तिथपर्यंत पळण्याशिवाय इलाज नव्हता.

ती पळाली. सात महिन्यांत कधी पळाली नव्हती तशी. बोलता येण्याचा प्रश्नच नव्हता. श्वास शिट्टीसारखा वाजत होता. बुटांबद्दल बोलणारा माणूस मागे पडला, "अहो, जरा बेतानं," असं काहीसं म्हणाला. पायाच्या अंगठ्याचं नख बुटात आपटत होतं. डोक्यात फ्रिजवरचा कागद एकेक मुद्दा करून उलगडत होता. मुद्दा चार, औषध पाच मिली. दिलं असेल का? मुद्दा नऊ, कुशीवर. चष्मा न लावता मावशीला मापावरच्या रेषा दिसतात का? हे तिने का नाही विचारलं? चष्म्याच्या कारखान्यात काम करते आणि हे नाही विचारलं. फोन का उचलत नाही? दोन्ही हात गुंतले असतील म्हणून. दोन्ही हात कशात गुंतले असतील?

तेरा गेला, चौदा गेला. ती रडत होती, पण रडायलाही वेगळा दम लागतो, तो नव्हता. नुसतं पाणी वाहत होतं. तीन तास लांब राहून बघायचं होतं ना, बघ मग.

पंधराव्याच्या पाटीपाशी फोन वाजला. तिने तो पळता पळताच कानाला लावला.

"मावशी. किती आहे? किती आहे ताप?"

"अगो, किती धापा टाकतेस. कसला ताप?"

"तू लिहिलंयस. सकाळपासून ताप. उतरत नाही."

"हो मग. नाहीच उतरत. जेवणाच्या टेबलावर चढून बसलीय सहा वाजल्यापासून. तिची खुर्ची पण वर घेतलीय. म्हणे डोंगर आहे. दूध वर, केळं वर, चित्रांचं पुस्तक वर. नुसता ताप आहे पोरगी म्हणजे, उतरायचं नाव नाही."

ती थांबली. रस्त्याच्या मधोमध थांबली, मग कुणीतरी बाजूने गेलं तेव्हा कडेला आली.

"अंग?" तिने विचारलं. "अंगाला हात लाव तिच्या. आत्ता. मी फोनवर आहे."

"लावला. गार आहे. ओली पण आहे, दूध सांडलंय. का गं?"

"मग फोन का नाही उचललास? सात वेळा केला मी."

यावर मावशीने आवाज एकदम खाली आणला. मावशीच्या बाबतीत हे क्वचित व्हायचं.

"तुझ्या नवऱ्याला सांगणार नसशील तर सांगते."

"नाही सांगत."

"मीपण चढले."

"कुठे?"

"डोंगरावर. ती म्हणाली, तू वर आलीस तर मी खाली येते. स्टुलावरून चढले कशीबशी. आणि ही बया उतरली की टुणकन. मला काही उतरता येईना. गुडघाच वाकेना बाई. फोन ओट्यावर वाजतोय, मी टेबलावर बसलेय देवासारखी, आणि ही खाली उभी राहून मला केळं देतेय."

आधी तिला वाटलं आपल्याला उलटी होणार. मग कळलं, हसू आहे. ते पोटातून आलं आणि तिला उभं राहू देईना. ती पदपथाच्या कडेवर बसली, फोन तसाच कानाला, आणि हसत सुटली. डोळ्यांतलं पाणी थांबलं नव्हतंच.

"हसतेस काय? मग शेवटी तिनेच स्टूल सरकवलं. ढकलत ढकलत आणलं. शहाणी आहे गं तुझी पोर."

"द्या तिला," ती म्हणाली. मावशीला आयुष्यात पहिल्यांदा अहोजाहो केलं गेलं होतं. दोघींच्याही लक्षात आलं नाही.

फोनवर आधी श्वास आला. मग, "आई, मावशीआजी अडकली होती."

"हो का? तू काढलंस?"

"हो. आई, आता मला काम आहे." आणि फोन कट झाला.

पिवळं जाकीट घातलेला एक स्वयंसेवक तिच्यापुढे येऊन वाकला. "ताई, बरं वाटत नाहीये का? गाडी बोलावू?"

"नको," ती म्हणाली. "सगळं ठीक आहे. मला फक्त जरा बसू द्या."

तो दोन पावलं मागे सरकला, पण नजर ठेवून राहिला. ती नजर तिच्या ओळखीची होती. तिने मुद्दाम त्याच्याकडे बघून हात हलवला, तेव्हा कुठे तो गेला.

बसल्या बसल्या तिने श्वास परत येऊ दिला. सूर्य आता गोदामाच्या भिंतीवर आला होता. तिने मनात मोजायचा प्रयत्न केला: निरोप वाचल्यापासून तीन किलोमीटर, वीस मिनिटांच्या आत. एवढ्या वेगाने ती पूर्वी कधी गेली नव्हती, पुढेही जाणार नव्हती. आणि एवढं करूनही ती घरापासून लांबच होती. खरोखर काही झालं असतं, तर ती तिथे नसती. मावशी असती. गुडघे कुरकुरणारी, टेबलावर चढणारी मावशी असती, आणि फ्रिजवर कागद असता. दीड वर्षापूर्वी नवरा होता. त्याने तेव्हा सगळं बरोबर केलं होतं: कुशीवर झोपवलं, घड्याळ बघितलं, तोंडात काही घातलं नाही. डॉक्टर तसं म्हणाले पण होते. तिने आजवर ते नीट ऐकलंच नव्हतं.

ती उठली. सोळाव्या किलोमीटरच्या चौकात दोन टॅक्स्या उभ्या होत्या. एकीचा चालक वर्तमानपत्र वाचत होता. ती त्याच्या खिडकीजवळून चालत गेली आणि नदीच्या रस्त्याला लागली.

पुढचे पाच किलोमीटर काही दिमाखात झाले नाहीत. अर्धे चालली, अर्धे पळाल्यासारखं केलं. बुटांबद्दल बोलणारा माणूस तिला गाठून पुढे गेला. जाताना म्हणाला, "मघाशी काय झालं होतं तुम्हाला?" ती म्हणाली, "घरचा फोन होता." "सगळं ठीक?" "मुलगी टेबलावर चढलीय." त्याला त्यातलं काही कळलं नसावं, पण त्याने मान डोलावली. अठराव्याला तिने फोन पिशवीत टाकला. एकोणिसाव्याला काढून बघितला. काही नव्हतं. परत टाकला.

दोन तास एकोणसाठ मिनिटांनी तिने रेषा ओलांडली. मागे फार थोडी माणसं उरली होती. कुणीतरी गळ्यात पदक अडकवलं, कुणीतरी हातात संत्रं दिलं.

पॉलिशवाल्या बाई गवतावर पाय पसरून बसल्या होत्या. त्या येऊन चाळीस मिनिटं झाली होती.

"कुठे होतीस गं? मला वाटलं, नदीला गोल फेरी घालून येतेस की काय."

तिने बाजूला अंग टाकलं आणि सगळं सांगितलं. मावशी टेबलावर बसल्याचं आलं तेव्हा बाईंनी तोंडावर हात ठेवला, आणि बराच वेळ त्यांचे खांदेच तेवढे हलत राहिले.

"तीन किलोमीटर तशी पळालीस?" शेवटी त्यांनी विचारलं. "आणि मग थांबलीस?"

"बसले. चांगली दहा मिनिटं बसले."

"शहाणी."

नवऱ्याचा फोन आला. लिफ्ट सुटली होती, तो घरी पोचला होता, मुलगी आणि मावशी दोघी झोपल्या होत्या. सकाळी साडेनऊला. "काय झालंय कळेना," तो म्हणाला. "टेबलावर उशी आहे, स्टूल भलतीकडेच आहे, आणि मावशी काही सांगत नाही. फार कटकट झाली का?"

"मला काय माहीत?" ती म्हणाली. "मी इथे होते."

तिने संत्रं सोललं, अर्धं बाईंना दिलं. एकेक फोड सावकाश खाल्ली. मग दोघी उठल्या आणि लंगडत बसथांब्याकडे निघाल्या. रस्ते नुकतेच उघडले होते. त्या वळणावर आल्या तेव्हा त्यांची बस थांब्यावर उभी होती, दारं उघडी, शेवटची दोन माणसं चढत होती. मध्ये शंभर पावलं असतील.

"पळ," बाई म्हणाल्या. "मिळेल."

तिने बसकडे बघितलं. दारं मिटली, बस निघाली.

"जाऊ दे," ती म्हणाली. "मागून दुसरी येईल." आणि थांब्यावरच्या बाकावर बसून तिने बुटांच्या नाड्या सोडल्या.